कळवून गैरहजर

लंडनमध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या एमएस्सीला आमच्या गटात पाच जण होतो. त्यातले एक गृहस्थ सर्वांत मोठे, पन्नाशीचे, आणि माझ्याशिवाय मराठी तेवढेच. वेम्बलीला एका खोलीत राहायचे. प्रत्येक वाक्याआधी "असं बघा" म्हणायचे आणि चर्चा भरकटली की पेनचं टोपण टेबलावर वाजवायचे. दर बुधवारी लायब्ररीतली खोली तेच पाच जणांच्या नावाने बुक करत.

डिसेंबरात असाइनमेंट जमा केली आणि गट संपला. बुकिंगची ईमेल मात्र दर बुधवारी येतच राहिली. मी ती न उघडताच डिलीट करायचो.

मार्चमधल्या एका बुधवारी लायब्ररीतल्या त्या खोलीसमोरून जाताना काचेतून ते दिसले. पाच खुर्च्या नीट मांडलेल्या, समोर वही. मी आत गेलो.

"असं बघा, मिटिंग म्हटली की मिनिट्स लिहायला हव्यातच," ते ओशाळून म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली. प्रत्येक बुधवारची नोंद होती. हजर, एक. खाली आम्हा चौघांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, "कळवून गैरहजर."

मी एकदाही कळवलं नव्हतं.