दिवा टाकला तो मीच

सुनेनं मला मोबाइलवरच्या झाडांच्या ग्रुपमध्ये घातलं, तेव्हा नव्या माणसांसाठीचे लांबलचक नियम आले. मी चौथी शिकलेली, जोडाक्षरांशी अडखळते. थोडं वाचलं आणि उरलेलं दुपारी वाचू म्हणून ठेवलं. ती दुपार आलीच नाही.

माझ्या मोगऱ्याला फूल येत नव्हतं. धीर करून विचारलं, तर एकांनी लिहिलं, "मोगराच आहे ना? की शेजाऱ्यांनी दुसरंच काही खपवलं?" पुढे दिव्याचं छोटं चित्र. मला वाटलं, आशीर्वाद दिला. नारायण पेठेतल्या एका बाईंनी मात्र नीट सांगितलं, "अहो, फांद्या छाटा, उन्हात ठेवा. विचारायला लाजू नका." मोगरा फुलला.

मग एका सकाळी त्याच बाईंचा मेसेज आला. "आमचे हे काल गेले. कुंड्यांना पाणी तेच घालायचे." सगळ्यांनी हात जोडले. आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात. मी दिव्याचं चित्र टाकलं.

लगेच एक बाई चिडून म्हणाल्या, "इथं दिवा म्हणजे गंमत केली, हलकं घ्या. नियमांत लिहिलंय. त्यांच्या घरात माणूस गेलंय आणि तुम्हाला चेष्टा सुचते?"

नियम वाचले नाहीत हे सांगायची लाज वाटली. मी लिहिलं, "सुनेच्या हातून चुकून पडला."

त्यावर पेठेतल्या बाईंनीच, तशा दुःखात, लिहिलं, "असू द्या हो. सुनेला बोलू नका."

सूनही त्याच ग्रुपमध्ये आहे, हे मी विसरले होते. संध्याकाळी आली ती हेल्मेट काढतच म्हणाली, "अहो आई, मी दिवसभर कोथरूडला ऑफिसात. तिथून दिवा लावला का मी?"

मी मेथी निवडत राहिले. तिनं विचारलं तेव्हा खरं कारण सांगितलं.

"मग हेच लिहायचं ना!"

"तू लिही माझ्या वतीनं."

"मी नाही. माझ्या नावावर एक झालंय तेवढं पुरे."

तासभर लागला. लिहिलं, "दिवा मीच टाकला. माणूस गेलं की लावतात, म्हणून. नियम वाचले नव्हते. सुनेचं नाव खोटं घेतलं. माफ करा."

दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. "आमच्याकडेही दिवा लावलाय. तुमचा बघून त्या दिवशी फार लागलं होतं. आता नाही."

सुनेनं ते वाचलं आणि म्हणाली, "सुटलात."

बाईंची माफी मागून झाली. सून रोज समोर असते, तिची मागायला अजून तोंड उघडत नाही.