होनोलुलूचा प्रसाद

भुताखेतांशी माझा संबंध एवढाच, की आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात भूत कोणी व्हायचं असा प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बघतात. ईडन प्रेरीतल्या शाळेच्या हॉलमध्ये मी चादर पांघरून असा काही किंचाळलो होतो, की पहिल्या रांगेतल्या एका काकूंच्या हातातला समोसा उडाला. विश्वास वगैरे... छे! या धाग्यावरचे तुमचे अनुभव वाचतानाही मी प्रत्येकाचा उलगडा मनातल्या मनात करून टाकतो. हा एक माझा स्वतःचा आहे. त्याचा मात्र अजून जमलेला नाही.

२००६ चा डिसेंबर. मिनेसोटात नाकातले केस गोठायचे दिवस. मी घरात जाहीर केलं — होनोलुलू! आम्ही चौघं: मी, माझी बायको वृंदा, माझी धाकटी बहीण अश्विनी म्हणजे आमची अशू, आणि तिचा नवरा समीर. ती दोघं टेक्सासमध्ये अर्विंगला असतात. आमचा मुलगा कॉलेजच्या मित्रांबरोबर कुठेतरी हुंदडत होता. म्हणजे आमच्यात लहान मूल कुणी नव्हतं. हे कृपया लक्षात ठेवा... चौघं, आणि चौघंही घोडे.

ट्रिपचं खरं कारण अशू. तीन वर्षांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं, अगदी दिवस भरत आलेले असताना. त्यानंतर घरात तो विषय काढायचा नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, मीच ठरवलं. फोनवर तिचा आवाज जड वाटला की मी कुणाची तरी नक्कल सुरू करायचो. ती हसायची. मला वाटायचं, औषध लागू पडतंय.

प्लॅनही मीच केला. ‘अर्धं शहर, अर्धे देव’ हे त्याचं नाव. दमेपर्यंत पायी भटकायचं, डोंगर चढायचा, बाजार पालथा घालायचा, आणि मध्ये मध्ये जपानी देवळं. ही कल्पना ऑफिसमधल्या ग्लेनची. त्याचे आजोबा जपानहून तिथे उसाच्या मळ्यात कामाला आले होते, आणि ग्लेन होनोलुलूतच वाढलेला. त्याने नकाशावर देवळांना गोल करून दिले आणि म्हणाला, “जस्ट बी रिस्पेक्टफुल.” मी म्हटलं, “अरे, आम्ही देवळातच जन्मलेली माणसं!”

पहिलं देऊळ शिंतो पंथाचं, गावात, कालव्याजवळ. दारात दगडी कुंड, त्यावर लाकडी पळ्या. ते पाणी हात धुवायचं होतं, हे नंतर कळलं. वृंदाने ते तीर्थ म्हणून प्यायलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पाठोपाठ आम्ही तिघांनीही. मग प्रदक्षिणा. देवळामागे बहुधा कुणी जात नसावं, कारण तिथे आम्हाला पाण्याची नळी आणि एक रागावलेली मांजर भेटली. अशू खुदकन हसली. मी मनात म्हटलं, वा! पैसे वसूल.

तिथून चायनाटाऊनचा बाजार, फुलांच्या माळांची दुकानं, आणि चढाच्या रस्त्याने वर एका जुन्या बौद्ध देवळात. आवारात कुणी नव्हतं. भिंतीलगत छोट्या छोट्या दगडी मूर्तींची रांग होती. गोल चेहरे, मिटलेले डोळे, गळ्यात लाल लाळेरं, डोक्यावर विणलेल्या लाल टोप्या. पुढे भिरभिरी, खेळण्यातल्या गाड्या, आणि एकीच्या पुढ्यात छान गोटीबंद संत्रं.

“आहाहा!” मी हात पसरून ओरडलो. “हे यांचे बाळकृष्ण!”

मी नागपूरचा माणूस. त्यात संत्रं, त्यात देवापुढचं. उचललं, डोळ्यांना लावलं, सोललं आणि सगळ्यांच्या हातावर फोडी ठेवल्या.

अशूने हात मागे घेतला. “दादा, कुणीतरी ठेवलं असेल ते.”

“देवापुढे ठेवलं म्हणजे देवाचं. देवाचं म्हणजे आपलं. घे!”

“नको ना...”

“प्रसादाला नको म्हणतात का गं? आईला फोन लावू?”

तिने घेतली. त्या मूर्तीकडे बघत बघत, अगदी हळू खाल्ली.

परतीच्या बसमध्ये चढताना ड्रायव्हर म्हणाला, “अंकल, छोटीचा हात धरा. वळणं आहेत.” तिथे वयाने मोठ्या माणसाला अंकल म्हणतात. मला वाटलं, मागून कुणाचं तरी मूल चढतंय. मागे वळलो, तर दार बंद झालेलं. मी वृंदाला म्हटलं, “तुला छोटी म्हणाला. कॉम्प्लिमेंट आहे, घेऊन टाक.”

जेवायला एका नूडल्सच्या दुकानात शिरलो. वाढणाऱ्या बाईंनी आम्हाला बघितलं आणि लहान मुलांची उंच खुर्ची ओढत आणली. अशूच्या शेजारी लावली, वर रंगीत खडू ठेवले. समीर म्हणाला, “एक्स्क्यूज मी, वी आर फोर.” बाई हसून म्हणाल्या, “येस येस, फोर अँड बेबी.” मी लगेच त्या खुर्चीत बसायचा अभिनय केला. माझा आकार आणि ती खुर्ची... सगळं दुकान हसलं. अशू नाही हसली. तिने खडू हातात घेतले आणि पुन्हा जागेवर ठेवले, एका रांगेत.

नंतर समुद्राकाठी बर्फाचे गोळे. आपल्यासारखेच, फक्त कागदी कपात. गोळेवाल्याने चार दिले आणि पाचवा, अगदी लहानसा, अशूपुढे धरला. “हा त्या टोपीवालीला. माझ्याकडून.”

“कुठली टोपीवाली?” मी विचारलं.

त्याने हनुवटीने बाकाकडे खूण केली. बाक रिकामा होता.

आणि मंडळी, मी फुटलो. मंडळाच्या नाटकात जो आवाज लागतो ना, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा... तो लागला. “देअर इज नो चाइल्ड! वी हॅव नो चाइल्ड! डोळे आहेत का तुम्हाला?” रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्या भल्या माणसाचा चेहरा पडला. त्याने घाबरून अशूकडे पाहिलं. मला माझंच वाक्य ऐकू आलं, आणि कुणासमोर म्हटलं तेही कळलं.

अशूने शांतपणे तो कप घेतला. “थँक यू. शी विल लाइक इट.” बाकावर ठेवला आणि शेजारी बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मुलगी होती, दादा.”

तीन वर्षं! मुलगा होता की मुलगी, हे मी सख्ख्या बहिणीला कधी विचारलेलं नव्हतं. तोंड लपवायला जागा नव्हती. समोर तर अख्खा समुद्र पसरलेला. कपातला गोळा वितळून लाल पाणी झालं. तिथल्या उन्हात काय, काहीही वितळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डायमंड हेडचा डोंगर. विझलेला ज्वालामुखी, वरपर्यंत पायवाट, अरुंद जिने, एक अंधारा बोगदा. अशू हळूहळू चढत होती. एक हात किंचित खाली, बोटं जरा उघडी... लहान मुलाला चालवताना धरतो तशी. बोगद्यात शिरताना ती थोडी वाकली आणि काहीतरी पुटपुटली. वरून उतरणारी एक गोरी आजी थांबून म्हणाली, “अरे वा, एवढीशी पोर स्वतःच्या पायांनी चढली!”

“हो ना,” अशू म्हणाली, “आईसारखी हट्टी आहे.” आणि हसली. माझ्या नकलांना हसायची तसं नाही. लहानपणी आमच्या गच्चीवर हसायची तसं. समीर कठड्याकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

“काय झालं जावईबापू?” मी विचारलं. हीच चेष्टा मला नेहमी सुचते.

“काही नाही, यार दादा. वारा आहे.”

वृंदाने मला बाजूला ओढलं. “अहो, मला हे बरं वाटत नाहीये. त्या देवळातून आल्यापासून चाललंय. परत जाताना अशूचं काय होईल? काहीतरी करा.”

खाली पार्किंगमध्ये आल्यावर मी ग्लेनला फोन लावला. रंगवून रंगवून सांगितलं — बस, खुर्ची, गोळा. तो हसला. मग मूर्तींचं आणि संत्र्याचं सांगितलं, तसा हसायचा थांबला.

“त्या मूर्ती गेलेल्या मुलांसाठी असतात,” तो म्हणाला. “जन्माआधी गेलेल्यासुद्धा. आईबाप त्यांच्यापुढे खाऊ ठेवतात... तुम्ही तो खाल्लात?”

“प्रसाद म्हणून,” मी म्हटलं.

“वी डोन्ट डू दॅट,” तो म्हणाला, आणि त्याला कुणीतरी बोलावलं म्हणून फोन ठेवून दिला. कुणा आईने तिच्या लेकराला दिलेला खाऊ मी उचलला, वर बाळकृष्ण म्हणून भाषण ठोकलं, आणि ती फोड अशूच्या तोंडी घातली... आईची धमकी देऊन.

चुकलं तर निस्तरायचं, हे मला येतं. अशूला मी म्हटलं, “काल देवळात गॉगल राहिला, जाता जाता घेऊ.” गॉगल माझ्या खिशात होता. बाजारातून पिशवीभर संत्री घेतली. ती कशाला, तिने विचारलं. मी म्हटलं, “नागपूरची आठवण आली.”

आवारात आजही कुणी नव्हतं. अशू फाटकाशी थांबली. मी त्या मूर्तीपुढे संत्र्यांची रास केली, गुडघे टेकले, कान धरले. आणि आता हे लिहिताना सुद्धा लाज वाटते, पण तेव्हाही माझा आवाज नाटकातलाच होता. “चुकलं आमचं. तुमचं तुमच्याकडे परत. आमच्या माणसाला सोडा.” डोकं टेकवलं.

उठून वळलो. अशू फाटकाशीच होती. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. मग मागे रस्त्याकडे, मग मूर्तींच्या रांगेकडे. रांगेवरून तिची नजर सावकाश फिरली आणि एका जागी थांबली.

बसमध्ये ड्रायव्हर नुसता, “गुड आफ्टरनून.” मी मुद्दाम त्याच नूडल्सच्या दुकानात सगळ्यांना नेलं. त्याच बाई. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, जरा घुटमळल्या, आजूबाजूला बघितलं. “टुडे फोर?”

“फोर!” मी विजयी मुद्रेने टेबलावर थाप मारली. “पाहिलंत? झालं की नाही काम? संकट टळलं!”

वृंदाने सुस्कारा सोडला. समीर मेनू बघत होता, उलटा धरून. अशू तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

“दादा,” ती म्हणाली, “तू मला विचारलंस का?”

“काय विचारायचं त्यात? तुझ्यासाठीच तर—”

“फक्त एवढं सांग. विचारलंस का?”

माझ्याकडे एकही नक्कल नव्हती.

हा किस्सा मी नंतर किती पार्ट्यांमध्ये सांगितला याचा हिशोब नाही. बसवाल्याचा आवाज, उंच खुर्चीत अडकलेला मी... लोक लोटपोट होतात. शेवट मी “टुडे फोर?” वर करतो. टाळ्या येतात. अशूचा प्रश्न मी कधी कुणाला सांगितला नाही. वृंदा अशा वेळी उठून स्वयंपाकघरात जाते.

इथे लिहायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदाच तिला विचारलं. परवा अर्विंगला फोन केला आणि वर लिहिलंय ते सगळं, शब्द न् शब्द, तिला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबून पाणी प्यायलो. तिकडे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. गोळेवाल्यापाशी मी “लाल टोपीवाली” असं लिहिलं होतं, ते वाचताना ती एकदा “अं?” म्हणाली होती. 

संपल्यावर मी विचारलं, “छापू?”

“छाप,” ती म्हणाली. “बरोबर लिहिलंयस. फक्त टोपी लाल नव्हती, दादा. पिवळी होती. पिवळी, कानावर येणारी.”

मी आठवून पाहिलं. गोळेवाला नुसतं टोपीवाली म्हणाला होता. मूर्तींच्या टोप्या लाल, म्हणून तो रंग माझ्याच डोक्यातून आला असणार. वर तो शब्द आता काढलाय.

पण रंग तिला कुणी सांगितला? बस, दुकान, गोळेवाला, ती आजी... टोपीच्या रंगाबद्दल कुणीच काही म्हटलं नव्हतं. मी विचारणार होतो. तोंड उघडलंही. मग वाटलं, डोंगर चढताना ती सगळा वेळ खाली, आपल्या हाताशी बघत होती. देवळाच्या फाटकातून तिची नजर ज्या जागी थांबली, तिथे तिने काय पाहिलं, कुणाला निरोप दिला... आणि त्या वेळी मी कान धरून डायलॉग म्हणत होतो.

तुमच्यापैकी कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा. माझ्याकडे नाही.

फोन ठेवण्याआधी मी एवढंच विचारू शकलो, “अशू, नाव काय ठेवणार होतीस गं तिचं?”

तिने सांगितलं. ते इथे लिहू का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, नको.