शिरस्त्राणावरचा गंज
टर्पेंटाईनचा वास आला की मला पुलगावचं आमचं अंगण आठवतं. कॉलेजच्या नाटकात मी सैनिक होतो आणि माझं कागदाच्या लगद्याचं शिरस्त्राण ताई रंगवत होती. चंदेरी रंगावर तिने काळा रंग फासून चिंधीने पुसला, तो फक्त खाचांत उरला. कडांना बोटांनीच तांबूस गंज चढवला. "नवं चकाकलं त लढून आला असं वाटन का, लेका?" ती हसली. तिला चित्रकला शिकायला नागपूरला जायचं होतं. तेवढ्यात तिला पाहायला येणारे पाहुणे वेळेआधीच दारात आले. तिने घाईने हात धुतले, तरी नखांत काळं राहिलं. पोहे घेताना मुलाच्या आईने विचारलं, "हात काऊन काळे व पोरी?" ताई काही बोलणार, तोच आमची आई म्हणाली, "भांडे घासून राह्यली होती जी, काजळी लागली." "कामाची आहे पोरगी," त्या खूश झाल्या आणि सोयरीक तिथेच ठरली. नाटकानंतर लोकांनी शिरस्त्राण हात लावून पाहिलं, त्यांना ते खरंच लोखंडाचं वाटलं होतं. पुढे घरातला पहिला पदवीधर मी झालो. ताईला रंगवता येतं, हे तिच्या सासरी आजही कुणाला माहीत नाही.