मधल्या सुट्टीतली खुर्ची

आक्का गेल्याचा फोन मला आला नाही, माझ्या मुलाला आला. कुंडलहून त्यांच्या शेजारणीने निखिलला पुण्याला कळवलं आणि निखिलने मला, सांगलीत विश्रामबागेत. कुंडल माझ्यापासून तासाभरावर, पुणं चार-पाच तास लांब. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, निखिलची आत्या, कुंडलजवळच्या हायस्कुलातून निवृत्त झालेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. गाडीत बसल्यावर मला रडू यायला हवं होतं, पण मनात एकच... फोन त्याला का? दोन महिने होत आले, आता लिहायला हरकत नाही. मला आक्कांचा हेवा वाटायचा. माणसाबरोबर तोही जातो म्हणतात. माझा गेलेला नाही.

निखिल आठवीत होता. त्याचे वडील फौजेत, घर माझ्या एकटीवर. मुलगा शाळेतून आला की दप्तर फेकून थेट बाथरूमकडे धावायचा. मी डॉक्टरकडे नेलं, लघवी तपासून घेतली, काही निघालं नाही. पाणी बेतानं पी म्हणून सांगितलं. गप्प गप्प राहतो म्हणून तालमीत घातलं; आमच्याकडे मुलगा बुजरा निघाला की तालीम हेच औषध. माझ्यापुरता विषय संपला होता. तेवढ्यात गावच्या जत्रेची सुट्टी म्हणून आक्का आमच्याकडे आल्या. गॅलरीत माझ्या घडीच्या खुर्चीवर पावटा सोलत बसल्या होत्या. निखिल धावत आत गेला, बाहेर आला, तशी आक्कांनी शेंगेवरची नजरही न काढता विचारलं, "शाळंत मुतारीला जात न्हाईस व्हय रं?"

तो त्यांच्या पायाशी बसला आणि सगळं बोलला. मुतारीच्या दारात चार मुलं वाट अडवतात. 'बायल्या, तुझी मुतारी पलीकडं' म्हणून मुलींच्या बाजूला ढकलतात. वर्षभर तो शाळेत पाण्याचा घोट घेत नव्हता. मी दारात हातात लाटणं घेऊन उभी, मला हे पहिल्यांदा कळत होतं. म्हटलं, "तालमीत घातलंय त्याला आक्का. अंग भरलं की कुणी नादी लागणार नाही."

"आन् अंग भरंस्तवर त्यानं मुतायचं न्हाई?" आक्का म्हणाल्या.

मी शाळेला द्यायला कडक अर्ज लिहायला घेतला. आक्का सकाळी खुर्ची काखेत मारून शाळेत गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, पोरं आहेत, चालायचंच. आक्कांनी मधल्या सुट्टीत मुतारीपाशी एक शिक्षक बसवा म्हणून मागणी केली, तर कुणी मोकळं नव्हतं. मग त्या स्वतः बसल्या. रजा वाढवून तीन दिवस, मुलांच्या मुतारीसमोर खुर्ची टाकून, मांडीवर पावट्याचं ताट घेऊन. शिपाई म्हणाला, "आवं बाई, हितं वास मारतुया, तिकडं सावलीत बसा की." तर म्हणे, "वास पोरास्नी बी येतोच की." चौथ्या दिवशी शिक्षकांनी लाजेकाजेस्तव पाळ्या लावल्या. माझं ऑफिस त्या शाळेपासून सात मिनिटांवर होतं आणि माझी जेवणाची सुट्टीही तीच. तिथे नुसतं जाऊन बसायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

जाताना त्या म्हणाल्या, "रेखा, ही खुर्ची नेते गं. आमच्या शाळंत बी मुतारी हाय."

ती खुर्ची मला परत मिळाली नाही. मुलगाही तेव्हापासून निम्मा तिकडेच गेला. दर सुट्टीत कुंडल. मी बटाटेवडे करायचे, तो आत्याच्या पिठल्याच्या गोष्टी सांगायचा.

निखिल दहावीत असताना त्याला आणायला मी एकदा आक्कांच्या शाळेत गेले. एक पालक तावातावाने आला होता. "बाई, गड्याला गडी आवडतो म्हणून शिकवता म्हणं तुमी पोरांना?"

"आवडतो कुणाकुणाला. कुणाला बाई आवडती, कुणाला गडी. त्यावरनं कुणाला मारायचं न्हाई, एवढं शिकवते. तुमच्या पोरानं मारलंय, म्हणून बोलावलंय तुमास्नी. बसा."

तो बसला. मला वाटलं, परक्यांच्या मुलांसाठी बाई केवढी भांडते. माझ्या शेजारीच निखिल उभा होता, तो खाली बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, मी आक्कांकडे बघत होते.

तो एकवीस वर्षांचा असताना एका रविवारी त्याने मला सांगितलं, की त्याला मुलगेच आवडतात. माझा पहिला प्रश्न होता, "आत्याला माहीत आहे?"

"दोन वर्षांपासून."

लोक विचारतात, धक्का बसला का. बसला, पण त्या दोन वर्षांचा. मी लगेच कुंडलला फोन लावला. "तुम्ही मला का नाही सांगितलं, आक्का?"

"ते माझं सांगायचं नव्हतं. त्याचं होतं."

"मी आई आहे त्याची."

"म्हणून तर त्याला उशीर लागला."

मी चार महिने त्यांच्याशी बोलले नाही. त्या मात्र दर आठवड्याला फोन करत राहिल्या आणि मी उचलला नाही की निखिलला विचारायच्या, आई बरी आहे ना. चार महिन्यांनी मीच उचलला. "पावटा लय आलाय औंदा, पाठवू का?" एवढंच म्हणाल्या. मी पाठवा म्हटलं. पुढे आम्ही बोलत राहिलो, पण तो विषय कधी काढला नाही.

आक्का गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कुंडलला घरात माणसं होती, चहा करायचा होता. आक्का मुंग्यांसाठी साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवायच्या. एक उंच मुलगा सरळ स्वयंपाकघरात आला, डबा उचलला, बूड पदराने पुसावं तसं रुमालाने पुसलं आणि मगच ओट्यावर ठेवला. हुबेहूब आक्कांसारखं. मी म्हटलं, "मी निखिलची आई."

"माहीत आहे काकू. मी अजित, साताऱ्याचा. निखिलबरोबर असतो." मग कप मांडत, "आत्या तुमच्याबद्दल खूप सांगायच्या."

काय सांगायच्या, ते मी विचारलं नाही. माझ्या मुलाचा माणूस माझ्या नणंदेची साखर कुठे असते ते जाणत होता, आणि मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

निघताना घरातलं काय हवं, असं सगळ्यांनी विचारलं. मी खुर्ची मागितली. माझीच होती. पट्ट्या दोनदा बदललेल्या, एका पायाला तार गुंडाळलेली. आता ती परत गॅलरीत आहे.

गेल्या रविवारी निखिल आला. मी सवयीने समोर बसवून विचारणार होते, अजित काय करतो, घरी कोण असतं, पुढचं काय ठरलंय. ऑफिसात मी अशीच विचारते आणि उत्तर आल्याशिवाय उठू देत नाही. त्याऐवजी पावटा घेतला आणि खुर्चीवर बसले. मान खाली. पाव तास गेला. फार जड जातं गप्प बसणं, आक्कांना ते कसं जमायचं कोण जाणे.

"आई, शेंग अशी नाही मोडायची," निखिल म्हणाला आणि पायाशी येऊन बसला. निम्म्या शेंगा पुढे ओढल्या. दहा-बारा सोलून झाल्यावर, ताटाकडेच बघत म्हणाला, "अजितला पावट्याची आमटी लय आवडते."

"मग पुढच्या रविवारी आण त्याला," मी म्हटलं. मान वर केली नाही. आणि तरीही, खोटं कशाला लिहू, आधी मनात आलं ते हेच, की आक्कांनी त्याला ती कितीदा करून वाढली असेल.