सुमनताईंनी भरलेली कॉइल

मिरजगावच्या सुमनताई विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून. गिऱ्हाइकाने मोटार खाली टेकवली की त्यांचा पहिला प्रश्न असे, "जळायच्या आदी तिनं आवाज कसा केल्ता?" माणूस तोंडाने घरघर करून दाखवेपर्यंत त्या पान्याला हात लावत नसत. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांची आठवण निघाली की मला ते चार दिवस आठवतात.

मी कर्जतला शाळेत शिकवते आणि एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवते. गिटार वडिलांची. अर्धांगवायूने डावा हात गेला तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली. तिच्या तारांखाली दोन पिकअप आहेत. त्यांत चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, असते; गिटारच्या तारांची थरथर तीच पकडते. त्यातला एक मुका झाला. वडिलांना न सांगता मी पुण्याहून नवे दोन मागवले, तर ते जुन्या खाचेत बसेनात. जामखेडचा कार्यक्रम चार दिवसांवर. सुतार गिटारचं लाकूड कोरून खाच मोठी करून द्यायला तयार होता, पण माझं मन धजेना. मी गिटार उचलली आणि सुमनताईंकडे गेले.

"लाकूड कोरलं की गेलं, बाई," त्या म्हणाल्या. "कॉइल परत भरता येती. बसा, बघते."

मी समोरच्या हॉटेलात चहा घेऊन आले, तर त्या दारात उभ्या. चेहरा उतरलेला.

"बाई, चालू हुता तो पिकअपबी माझ्या हातनं तुटला. स्क्रू ड्रायव्हर सटाकला."

तोही आधीच जायला आला होता म्हणाल्या असत्या तर मला खरं वाटलं असतं. पण त्या क्षणी हे सुचलं नाही. डोळ्यांपुढे फक्त वडील आले.

"तीन दिस द्या," त्या म्हणाल्या. "न्हाई जमलं तर सुताराकडं मी सोता येते."

तीन दिवस त्यांचा फोन बंद. वर्गात मी तीच कविता दोनदा शिकवली. मागाहून कळलं, मध्येच कुणी बोललं की वेढे चुकतात म्हणून त्यांनी फोनच बंद ठेवला होता. दोनदा तार तुटली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात.

कार्यक्रमाच्या सकाळी त्यांच्या दुकानात मी गिटार स्पीकरला जोडली. एकेक पिकअप छान वाजला. दोन्ही एकदम लावले तर आवाज पातळ, पोकळ.

ताईंनी डोळे मिटून ऐकलं. "दोगं उलट वढत्यात. मोटार उलटी फिरली तर काय करतो आपन?" त्यांनी एका कॉइलची दोन टोकं बदलली. मी जाड तार छेडली आणि टेबलावरचे स्क्रू थरथरले.

मग वडिलांना फोन लावून सगळं सांगितलं, वाजवून दाखवलं.

"हा आपल्या गिटारचा आवाज नाही," ते म्हणाले.

सुमनताईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "दादा, तुमचा आवाज माझ्या हातनं गेला. ह्यो मी भरल्याला हाय. पोरीला बोलू नका."

मग वडील म्हणाले, "ती जाड तार परत वाजवायला सांगा. जोरात."

मी वाजवली.

"मला न्यायला ये," ते म्हणाले. "हा आवाज समोर बसून ऐकतो."

हात गेल्यापासून ते एकाही कार्यक्रमाला आले नव्हते. जामखेडला ते पहिल्या रांगेत बसले, शेजारी सुमनताई. शेवटच्या गाण्यात मी दोन्ही पिकअप एकदम लावले आणि ती जाड तार जोरात छेडली.