आमचे साडू आणि बीमखालचा जिना

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्याचं डोकं कधी कुठंच आपटलं नव्हतं असा एकच माणूस होता, आणि तो माझा साडू. कारण कुठल्याही दारातून आत जाण्याआधी ते त्या दाराचं माप घेतात. खिशात रुमाल नसेल, पण पाच मीटरचा टेप असतोच. आयटीआयमध्ये ते मुलामुलींना कॉम्प्युटरवर इमारत उभी करायला शिकवायचे. नुसता नकाशा नाही. भिंती, कॉलम, पाइप, वायरी यांच्यासकट आख्खी इमारत, जिच्यात पडद्यावर फिरून बघता येतं. विटेला हात लावण्याआधी सगळ्या चुका पडद्यावर करून घ्यायच्या, हा त्यांचा धर्म. मी राजुरीचा, बांधकामाची कंत्राटं घेणारा. मी चुका थेट सिमेंटमध्ये करतो.

एकदा साखरपुडा उरकून आम्ही दोघं डिंभ्याच्या थांब्यावर बसलो होतो. एसटीचा पत्ता नव्हता. बाकीचे लोक एसटीच्या नावानं बोटं मोडत होते आणि साडू थांब्याची शेड मोजत होते, वरच्या पत्र्याच्या भोकासकट. अखेर एसटी आली, तर म्हणाले, "पावणं, एक कोपरा राह्यलाय," आणि आम्ही ती एसटी सोडली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बॅचनं ती शेड पडद्यावर उभी केली. भोक मात्र बुजवू दिलं नाही. जे आहे ते आधी आहे तसं दाखवायचं, शहाणपण मागनं करायचं, याबाबत ते फार कडक.

लाइट गेली तरी तास बंद पडत नसे. एका दुपारी मी आयटीआयवरून जात होतो, तर सगळी बॅच मैदानात हात पसरून उभी. मला वाटलं, पोरांनी काहीतरी उद्योग केला असणार. मी साडूंना म्हटलं, जाऊ द्या, लेकरं आहेत, शिक्षा पुरे झाली. ते म्हणाले, "शिक्षा कसली, हा पयला मजला हाये." कुणी कॉलम होतं, कुणी बीम, आणि एक मुलगी हातात दोरी धरून पाण्याचा पाइप झाली होती. तो पाइप एका बीमच्या पोटातून चालला होता म्हणून दोघांचं भांडण लागलं होतं, आणि साडूंना नेमकं तेच भांडण हवं होतं. मला त्यांनी दार म्हणून उभं केलं. माझ्यातून चौघं जाऊन आले.

आता माझ्या घराचं सांगतो. लपवून उपयोग नाही, कारण ते साडूंच्या पोरांच्या पाठात होतं. मी घर बांधायला काढलं तेव्हा साडूंनी न सांगता त्याचं मॉडेल केलं. त्यात माझ्याच उंचीचा, माझ्याच पोटाचा एक पिवळा माणूस घातला आणि त्याला जिना चढवला. आठव्या पायरीवर त्याचं डोकं बीममध्ये घुसलं. मी म्हटलं, साडू, तो पिवळा माणूस अडाणी आहे, मी वाकीन. स्लॅबचं मिक्सर सुरू झालं होतं, गवंड्यांसमोर माघार कोण घेणार? स्लॅब पडला आणि बीमखाली उरले पाच फूट चार इंच. मी पाच फूट सात. वास्तुशांतीलाच निम्म्या पाहुण्यांच्या कपाळाला टेंगळं आली. मग मी बीमवर गणपतीची तसबीर लावली, म्हणजे वाकणारा निदान भक्तीनं तरी वाकेल.

साडूंनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. दर वर्षी दिवाळीनंतर ते नवी बॅच घेऊन माझ्या घरी यायचे. पोरं रांगेनं जिना चढायची, रांगेनं कपाळ चोळायची, मग मापं घ्यायची. "पुस्तकात वाचलेलं इसरत्यात, इथलं नाय," असं ते माझ्या बायकोला समजावायचे. ती "बरं दाजी" म्हणून पातेलंभर चहा ठेवायची. दर वर्षी पोरं जाताना जिन्याचा उपायही काढून द्यायची, आणि मी दर वर्षी बघू म्हणायचो. स्वतःच्या घराची चूक पोरांकडून दुरुस्त करून घेतली तर मला काम कोण देईल, ही माझी भीती.

दोन वर्षांपूर्वी त्यांची शेवटची बॅच आली. उन्हाळ्यात ते रिटायर होणार होते. डिंगोऱ्याची एक मुलगी मापं घेत उलटी चढत होती. तिला सावध करायला साडू घाईनं पुढं झाले आणि तसबिरीखाली खाडकन आपटले. घरात कुणी हसलं नाही. ते पायरीवर बसले, कपाळ धरून.

"पावणं," ते म्हणाले, "समद्या कंत्राटदारांच्या दारात गेलो. माझ्या पोरांचं एकबी मॉडेल कुणी बांधलं नाय. येक जिना द्या मला."

मला बघू म्हणता आलं नाही.

जिना तोडला. डिंगोऱ्याच्या त्या मुलीनं मॉडेलमध्ये खालची सुरुवात तीन पायऱ्या पुढं, बीमच्या बाजूला नेली होती, म्हणजे बीमखाली जिना तेवढाच खाली यायचा, आणि वरच्या टोकाला, उजेडासाठी सोडलेल्या मोकळ्या चौकोनात, तीन पायऱ्या डावीकडं वळवल्या होत्या. बीमला हात लावायचा नव्हता. माझं मन मानेना. मी गुपचूप सुताराला सतराऐवजी अठरा पायऱ्या करायला सांगितल्या, अंदाजानं. सकाळी ती मुलगी टेप घेऊन सिमेंटच्या साच्यासाठी ठोकलेल्या फळ्यांसमोर उभी. "काका, ही अठरावी कुणाची?" तिनं विचारलं. मी सुताराकडं बघितलं, सुतारानं माझ्याकडं. साडू छताकडं बघत होते. फळी मीच काढली.

बीमखाली सात फूट एक इंच मिळाले. साडू पहिले चढले आणि तसबिरीपाशी सवयीनं वाकले. मी हसलो, मागोमाग चढलो, आणि मीही वाकलो.

त्यानंतर मी दोन घरं पोरांच्या मॉडेलवरून बांधली आणि ती मुलगी आता साइटवर मलाच ओरडते. पण आमच्याकडं बॅच येत नाही. बघण्यासारखं घरात काही उरलेलं नाही. तरी यंदा दिवाळीनंतर बायकोनं जास्तीचं दूध घेतलं, आणि दुपारी साडू एकटेच आले. चहा झाल्यावर जिन्यावर गेले, टाचा उंच करून बीमला डोकं टेकवायला बघितलं.

"पोचत नाय आता," ते म्हणाले, आणि कपाळावरची ती जुनी जागा चोळत बराच वेळ तिथंच उभे राहिले.