गाजल नव्हे, गाजर

मुलं तिला बोलताई म्हणत. हुद्दा स्पीच थेरपिस्टचा. पण तो उच्चारताना निम्म्या पेशंटांची बोबडी वळे, म्हणून तिनेही हेच सुटसुटीत नाव चालवून घेतलं होतं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर तिची खोली. भिंतीवर मोठा आरसा, फुंकर मारायला रंगीत पिसं, टेबलाखाली खेळण्यांची टोपली.

तिच्याकडे एक लिलाववाले काका येऊ लागले. भाजीच्या घाऊक बाजारात उभा जन्म लिलाव पुकारलेला माणूस. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली आणि शब्द गेले. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघे, "नाही." चहा हवा असला तरी "नाही", नको असला तरी "नाही."

"हे 'हो'वालं 'नाही' आहे बरं का," सोबत आलेल्या काकू समजावत. "नको असलं की ते नाकातून येतं."

"काकू, त्यांचं त्यांना शोधू द्या ना," ताई म्हणे. मग काकू तोंडावर हात ठेवत आणि बोटांच्या फटीतून उत्तर देत.

बरेच दिवस गाडी तिथेच अडून राहिली. काकांच्या नंतरची वेळ एका पाच वर्षांच्या मुलीची होती. घरचे तिला चिमणी म्हणत. तिला 'र' येत नसे. एकदा ती लवकर आली, तेव्हा ताईने तिला आत घेतलं आणि टोपलीतली प्लास्टिकची भाजी टेबलावर मांडली. चिमणी दुकानदार, काका गिऱ्हाईक.

"घ्या काका, ताजं गाजल."

काकांच्या कपाळावर आठी पडली. मालाचं नाव चुकलेलं त्यांनी कधी खपवून घेतलं नव्हतं. ओठ हलले, मान ताठ झाली.

"गा... गाजर."

काकूंचे दोन्ही हात तोंडावर गेले.

"तेच तल म्हणते मी," चिमणी फणकारली. "गाजल."

"गाजर्र," काकांनी ठणकावलं.

ताई पाठ फिरवून उगीचच पिसं आवरत राहिली. डोळे भरून आलेले पेशंटला दिसू नयेत, एवढंच.

त्या दिवसापासून तिने दोघांची वेळ एकत्र केली. काकांकडे आधी भाज्या परतल्या, मग आकडे, मग माणसांची नावं. चिमणीची जीभही वळली. 'र' सापडल्याच्या आनंदात तिने तो जिथे तिथे वापरला. लिंबाचं रिंबू झालं, तेव्हा काका खुर्चीतून घसरेपर्यंत हसले.

पुढे एकदा डॉक्टरांनी काकांना विचारलं, "झोप कशी लागते?" काकू नेहमीप्रमाणे सांगू लागल्या. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "मला... बोलू दे."

काकू थांबल्या. काकांनी सावकाश, अडखळत, आपली झोप स्वतः सांगितली. ती चांगली लागत होती. बाहेर आल्यावर मात्र काकू बाकावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगत सुटल्या, "आज ह्यांनी मला गप्प केलं, बरं का!"